सहा चटयांची खोली

आपल्या समाजात पाहुण्याचा मान मोठा आहे. पाहुणा दाराशी आला म्हणजे त्यास हातपाय धुवावयास पाणी द्यावे, घरातील त्यातल्या त्यात बरे आसन त्याच्यासाठी झाडून घ्यावे, त्याच्या ताटात आधी वाढावे आणि जेवण झाल्यावर ते ताट त्याला उचलू देऊ नये, ही आपली रीत. ही रीत थोर आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणीव आहे, आणि ती आमच्या ध्यानात आली ती घरापासून हजारो मैल दूर गेल्यावर. ज्याला कोणी कशाला हातच लावू देत नाही, तो घर पाहतो. त्या घरात राहत नाही. पाहुणा म्हणून तो येतो आणि पाहुणा म्हणूनच परत जातो. सन २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दोघी एका जपानी कुटुंबात तेवीस रात्री राहिलो. त्या मुक्कामाची हकिगत सांगताना मंदिरे, उद्याने आणि उंच इमारती यांचे वर्णन आम्ही फारसे करणार नाही. पाहुण्यापासून घरच्या माणसापर्यंतची वाट कशी असते, एवढेच सांगावयाचे आहे.

आम्ही दोघी त्या वेळी नववीत होतो. एकीचे घर उधन्याला, दुसरीचे लिंबायतला. दोघींचीही मूळ गावे खानदेशातली, आणि दोघींचीही वडीलमंडळी तापीकाठच्या त्याच सुरत-भुसावळ लोहमार्गाने पोटासाठी सुरतेस आलेली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषा आमच्या कानांवर रोजच पडत असतात. तेव्हा पाचवी भाषा कानी पडली तर बिघडले कुठे, असे आमच्या बाईंनी आम्हांस धीर देण्यासाठी म्हटले होते. शाळकरी मुलामुलींना परदेशी कुटुंबांत पाठविण्याचे काम करणाऱ्या एका संस्थेने आमची निवड केली आणि विमानाचे भाडेही दिले. दोन मुलींना एकाच घरी ठेवण्याची सोय असल्यामुळे आमच्या आयांचा निम्मा घोर मिटला.

'उन्हाळी मुक्काम' असे त्या उपक्रमाचे नाव. परंतु कोणाचा उन्हाळा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. आपली उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात सुरू होते आणि जूनच्या आरंभी संपते. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, जूनमध्ये पावसाळा असतो आणि सुट्टी लागते ती जुलैच्या उत्तरार्धात, ऑगस्ट सरेपर्यंत. त्यामुळे त्यांच्या उन्हाळ्यासाठी आम्हांस भर पावसाळ्यात शाळेतून रजा घ्यावी लागली. २५ जुलै रोजी आम्ही तेथे पोहोचलो, तो आपला श्रावणाचा पहिला दिवस होता. इकडे सुरतेत छत्र्या वाळत होत्या; तिकडे सिकाडा नावाचे किडे झाडाझाडांवर कर्कश ओरडत होते आणि ऊन असे की आपला वैशाख बरा. जपानच्या हवामान खात्याच्या नोंदींत २०२५ चा उन्हाळा तोवरचा सर्वांत उष्ण ठरला, हे आम्हांस मागाहून कळले.

आमचे यजमान ओकायामा शहरात राहतात. ओसाकाहून तेथे जाण्यास जलदगती रेल्वेने पाऊण तास लागतो. त्याच जातीच्या रेल्वेचा मार्ग मुंबई-अहमदाबाद दरम्यान बांधावयास घेतला आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याची कोनशिला बसली, आणि सुरतेचे स्थानक अंत्रोळी गावी आहे. तेव्हा गाडीत बसल्यावर आम्ही सारखी बाहेरच्या खांबांची आपल्याकडील खांबांशी तुलना करीत होतो. ओकायामाचे नाव मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. तेथील कोराकुएन हे उद्यान सन १७०० मध्ये पूर्ण झाले. त्याच्याच धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर एक उद्यान उभारले असून त्यास पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले आहे.

घराच्या दारात पाऊल टाकताच एक खोलगट जागा लागते. तेथे जोडे काढून, त्यांची टोके बाहेरच्या बाजूस वळवून ठेवावयाची आणि मग एक पायरी चढून घरात यावयाचे. घरात पाहुण्यांच्या स्वागताची मोठी तयारी होती. आजी, आई, बाबा, आमच्याच वयाची मुलगी आणि चौथीतला मुलगा अशी पाच माणसे ओळीने उभी होती. आम्ही वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. मग कोण आधी सरळ होणार याचा निर्णय होईना, तेव्हा धाकट्याने हसावयास आरंभ केला आणि सर्वांची सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची मुलगी टेबल-टेनिसच्या सरावाला निघाली. सुट्टीतही शाळेतील मंडळांचे सराव चालूच असतात. दारात जोडे घालताना ती मोठ्याने म्हणाली, "इत्तेकिमास!" आतून आजी आणि आई एकदम म्हणाल्या, "इत्तेराश्शाई!" आम्ही अर्थ विचारला. पहिल्या शब्दाचा अर्थ 'जाऊन येते' आणि दुसऱ्याचा 'जाऊन ये'. हे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. आपल्याकडे 'जाते' म्हटलेले घरच्यांना खपत नाही. 'येते' असेच म्हणावे लागते. हजारो मैलांवरच्या माणसांनाही उंबरठा ओलांडणाऱ्याविषयी तीच काळजी आणि तिच्यावर तोच उपाय! त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या दुकानात जावयाचे असले तरी आम्ही तो शब्द म्हटल्यावाचून बाहेर पडलो नाही.

आता खोलीविषयी. जपानी घरात ताटवासारख्या जाड, गवती चटया जमिनीवर घट्ट बसविलेल्या असतात. त्यांना तातामी म्हणतात. एक चटई साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, आणि खोलीचे माप चटयांच्या संख्येने सांगावयाचे. आम्हांस दिलेली खोली सहा चटयांची होती, म्हणजे सुमारे शंभर चौरस फुटांची. रात्री भिंतीतल्या सरकत्या दाराच्या कपाटातून गाद्या काढून अंथरावयाच्या, सकाळी घड्या घालून पुन्हा कपाटात ठेवावयाच्या. मग तेथेच बैठे मेज मांडले की बसावयाची खोली तयार होई. दुपारी त्याच मेजावर धाकट्याचा सुट्टीतला अभ्यास चाले.

आम्हांस यात नवल वाटले नाही, आणि नवल वाटले नाही याचेच मोठे नवल वाटले. उधन्याच्या आमच्या घराची पुढची खोली दहा फूट बाय बारा फूट आहे. रात्री तेथे गोधड्या पडतात, सकाळी त्या गुंडाळून लोखंडी पेटीवर जातात आणि तीच खोली बैठकीची, जेवणाची आणि अभ्यासाची होते. ही आमच्या गरिबीची खूण आहे असे आम्ही मानीत आलो होतो. मैत्रिणींना घरी बोलवावयास लाज वाटे ती यामुळेच. येथे बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांच्या घरी तीच व्यवस्था कुशलतेची आणि नेटकेपणाची म्हणून नांदत होती. खोली तेवढीच होती; तिच्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी वेगळी होती.

पाहुण्याचा घरचा माणूस कसा होतो, हे मोजण्याचे एक साधन आम्हांस सापडले. ते म्हणजे स्नानाची रांग. जपानी घरात सायंकाळी खोल टाकीत कढत पाणी भरतात. टाकीबाहेर अंग घासून, स्वच्छ धुऊन मग त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसावयाचे. पाणी एकच, घरातील सर्व माणसे क्रमाने त्यातच बसतात, म्हणून त्यात साबणाचा थेंबही जाता कामा नये. पहिला मान पाहुण्याचा. पहिले तीन दिवस आजींच्याही आधी आम्हांस पाठविले गेले आणि आम्हांस फार संकोच वाटला. चौथ्या दिवशी आम्ही धीर करून मुलीकरवी सांगितले, की आमच्याकडे वडील माणसांच्या आधी लहानांनी जाऊ नये. आजी क्षणभर थांबल्या आणि टॉवेल घेऊन प्रथम त्या गेल्या. दुसऱ्या आठवड्यात आमचा क्रमांक मुलीनंतर लागू लागला. शेवटच्या आठवड्यात तर एकदा आई आम्हांस विसरून स्वतःच स्नान करून आल्या आणि मग, "अरे, तुम्ही राहिलात काय?" म्हणून हसल्या. त्या दिवशी आम्हांस जेवढा आनंद झाला, तेवढा पहिल्या दिवशीच्या मेजवानीनेही झाला नव्हता.

कामाचेही तसेच. पहिले दोन दिवस आमच्या हातून बशीही घेतली जाई. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कामांच्या तक्त्यात आमची नावे लिहिली गेली. सकाळी साडेसहा वाजता जवळच्या पटांगणावर धाकट्याबरोबर जावयाचे. तेथे आकाशवाणीवरून व्यायामाचे संगीत लागते. १९२८ पासून तो कार्यक्रम चालू आहे. मुले सुट्टीत रोज हजेरीच्या कार्डावर शिक्का मिळवितात. परत आल्यावर कुंड्यांना पाणी घालावयाचे आणि कचरा वेगळा करावयाचा. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार निराळा. एकदा आम्ही बाटलीचे झाकण बाटलीसकट टाकू लागलो, तेव्हा चौथीतल्या त्या गुरुजींनी आमच्याकडून ते काढवून घेतले. सुरतेनेही १९९४ च्या प्लेगनंतर झाडू हाती घेऊन आपले नाव पालटले आहे. त्यामुळे त्यांच्या शिस्तीपुढे आम्ही अगदीच दबून गेलो नाही. पण झाकणाचा धडा मात्र घरी घेऊन आलो.

जेवणाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. आम्हांपैकी एकीच्या घरी माळकरी वळण, दुसरीस मासे चालतात. जपानी रसाचे पाणी बहुधा सुकविलेल्या माशाच्या किसापासून करतात. ताटात मासा दिसत नसला तरी आमटीत तो असतोच. आईंना हे सांगावे की सांगू नये, या विचारात आमची पहिली संध्याकाळ गेली. शेवटी सांगितले. त्यांनी कपाळास आठी घातली नाही की क्षमाही मागितली नाही. एका लहान पातेल्यात समुद्रातील कोम्बू नावाची वनस्पती आणि वाळलेल्या अळंब्या भिजत घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दोन पातेली शेजारी शेजारी उकळू लागली. त्यासंबंधी पुन्हा एक शब्द निघाला नाही. माणसाच्या नियमाचा मान कसा राखावा, हे आम्ही त्या लहान पातेल्यापासून शिकलो.

एके दिवशी आईंनी जाळीवर वांगी भाजावयास ठेवली. साल काळी होऊन सुटू लागली आणि तो वास स्वयंपाकघरात भरला, तसे आम्ही दोघी आपापल्या जागेवरून उठून आलो. भाजलेली वांगी सोलून, आले आणि सोया घालून ती तशीच उभी चिरून वाढतात. आम्ही हात जोडून दोन वांगी मागून घेतली. बरोबर आणलेल्या दाण्यांचा कूट केला, मिरची-लसूण ठेचली, कांद्याची पात तेथे मिळालीच, आणि खानदेशी भरीत करून दाखविले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते तिखटाचे. धाकट्याने एक घास घेऊन दूध मागितले. आजींनी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतले.

या आजींविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. त्यांचे वय एक्याऐंशी. त्यांचे माहेर कोजिमा. ओकायामाच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेला हा भाग कापडासाठी प्रसिद्ध आहे. जपानातील शाळांचे गणवेश सर्वांत अधिक शिवले जातात ते ओकायामा प्रांतात, आणि जपानात जीनचे कपडे शिवावयास आरंभ झाला तोही १९६५ मध्ये कोजिमालाच. आजी पंधराव्या वर्षी शाळा सोडून तेथील विणकामाच्या कारखान्यात लागल्या आणि लग्न होईपर्यंत मागावर उभ्या होत्या. त्या मोठ्याने बोलत, आणि आपण बोललेले ऐकू येण्यासाठी आम्हांसही मोठ्याने बोलावे लागे. वय झाले म्हणून असे असेल, अशी आमची समजूत होती.

एका रात्री आपापल्या घरची चित्रे दाखविण्याचा कार्यक्रम चालला होता. आम्हांपैकी एकीचे वडील पांडेसऱ्यास मागावर काम करतात; बारा तासांची पाळी असते. त्यांचे मागावरचे छोटे चलच्चित्र दूरध्वनीत होते. ते लावताच मागाचा तो खडखडाट खोलीत भरला. आम्ही आवाज कमी करावयास हात पुढे केला, तोच आजींनी तो धरला आणि पडद्याकडे अगदी जवळून पाहू लागल्या. तो माग जपानी बनावटीचा होता. पाण्याच्या झोताने आडवा धागा फेकणारे असे माग सुरतेत पुष्कळ आहेत. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग सिद्ध केला आणि त्याच मागांच्या कारखान्यातून पुढे मोटारींचा कारखाना निघाला, ही माहिती बाबांनी सांगितली. आम्ही ती ऐकत होतो. आजी ऐकत नव्हत्या. चित्र संपल्यावर त्यांनी आपल्या कानावर हात ठेवला आणि मुलीस काही विचारावयास सांगितले. मुलगी म्हणाली, "आजी विचारते आहे, तुझ्या वडिलांना ऐकू बरे येते ना?"

आम्हांस उत्तर सुचेना. वडील घरी फार मोठ्याने बोलतात, दूरदर्शनचा आवाज वाढवितात, यावरून आमच्याकडे थट्टा होत असते, कधी कुरबूरही होते. त्याचे कारण त्यांच्या कानांत नसून बारा तासांच्या त्या खडखडाटात आहे, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते आणि आमच्या घरी आलेल्या कोणी आजवर तसे विचारलेही नव्हते. विचारले ते एका परक्या देशातील वृद्ध बाईंनी, ज्यांना आमच्या भाषेतील एक शब्दही येत नव्हता. ज्याने तोच आवाज सोसला आहे, त्याला तो प्रश्न सुचतो. आम्ही निघालो त्या दिवशी आजींनी एक लहानसे पुडके आमच्या हाती दिले. त्यात कानांत घालावयाचे मऊ बोळे होते. एक जोड नव्हे, चांगले वीस. "बरोबर काम करणाऱ्यांनाही द्यावे," असे त्यांनी सांगितले.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा जपानात स्मरणाचा असतो. ६ ऑगस्टच्या सकाळी न्याहारी चालू असताना दूरदर्शनवर हिरोशिमाचा समारंभ लागला. बरोबर सव्वाआठ वाजता सर्वांनी हातातील काड्या खाली ठेवल्या आणि मिनिटभर कोणी हालले नाही. १९४५ मध्ये त्याच मिनिटास तेथे अणुबाँब पडला. त्यास त्या दिवशी ऐंशी वर्षे झाली होती. ९ तारखेस रक्षाबंधन होते. आम्ही सुरती जरीची राखी नेली होती, ती सकाळी धाकट्याच्या हातावर बांधली. "बहिणीचे रक्षण करावयाचे असते," असे सांगताच त्याने गंभीरपणे मान डोलविली. अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीसाठी घंटा वाजल्या तेव्हा ती राखी लावलेले दोन्ही हात त्याने जोडले होते. आणि १५ ऑगस्टला, आमच्या झेंडावंदनाच्या दिवशी, युद्धसमाप्तीच्या स्मरणार्थ भर दुपारी ते पुन्हा स्तब्ध उभे राहिले. एकच तारीख, आमच्या घरी तिला पेढे वाटतात, त्यांच्या घरी मौन पाळतात. दोन्ही गोष्टी आता आमच्या मनात शेजारी शेजारी राहतील.

परक्या देशातील मुलांनी कुटुंबात येऊन राहावे, ही कल्पना मुळी युद्धातूनच बळावली आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेण्यासाठी अमेरिकन तरुणांनी 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही स्वयंसेवकांची संघटना काढली होती. दुसऱ्या महायुद्धात हेच लोक भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही रुग्णवाहिका चालवीत होते, आणि समोर होते जपानी सैन्य. युद्ध संपल्यावर त्यांनी विचार केला, की माणसे मेल्यावर वा घायाळ झाल्यावर त्यांना उचलण्यापेक्षा मुलांनीच एकमेकांच्या घरी जाऊन राहावे हे बरे. त्यांनी शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली आणि १९५४ पासून जपानी मुलेही त्यात आली. युद्ध थांबून नऊच वर्षे झाली होती. ज्यांनी आपली दारे त्या वेळी उघडली, त्या आयांना किती धैर्य लागले असेल!

आज अशा वाटा अनेक आहेत. २००७ च्या जानेवारीत जपानच्या पंतप्रधानांनी फिलिपिन्समधील सेबू येथे पूर्व आशियाई देशांच्या परिषदेत घोषणा केली, की पाच वर्षे दरवर्षी सुमारे सहा हजार तरुणांना जपानात बोलवावयाचे. 'जेनेसिस' या नावाने तो उपक्रम निघाला. भारतीय विद्यार्थीही त्यातून गेले आणि एखाद-दोन रात्री जपानी कुटुंबांत राहण्याची सोय त्यात होती. रोटरीच्या अदलाबदलीत मुले वर्षभरही राहतात आणि बहुधा एकाहून अधिक घरे पाहतात. आपल्याकडेही हा विचार परका नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले. एका प्रांतातील माणसांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आपली करावी, एकमेकांस जवळून जाणावे, असे ते स्वप्न होते. सुरतेत राहणाऱ्या आम्हां खानदेशी मुलांस त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या मुक्कामाच्या शेवटी ओबोन आला. १३ ते १६ ऑगस्ट या दिवसांत पूर्वज घरी येतात, अशी तेथे श्रद्धा आहे. दूरदूरच्या शहरांतील मुले-नातवंडे गावी जमतात, थडगी धुतात, दिवे लावतात. आम्हांस आपली आखाजी आठवली. तेव्हाही पितरांची घागर भरतात आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. जाणारे आणि गेलेले, दोघांसाठीही घराचे दार वर्षातून एकदा सताड उघडावयाचे, ही तीच गोष्ट. आजींनी आजोबांच्या तसबिरीपुढे फळे मांडली, त्यात ओकायामाचे पांढरे, रसाळ पीच होते. त्याच्या शेजारी आम्हांस आमच्या पिशवीतील राजगिऱ्याचा लाडू ठेवावयास सांगितले.

१७ तारखेस निघताना 'सायोनारा' म्हणावे, असे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण दारात जोडे घालताना तोंडून रोजचा शब्दच निघाला, "इत्तेकिमास!" आजींनी नेहमीच्याच मोठ्या आवाजात उत्तर दिले, "इत्तेराश्शाई!" आई मात्र स्वयंपाकघरात गेल्या त्या गाडी सुटेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

सुरतेस आल्यावर वडिलांनी ते पुडके उघडले. प्रथम ते हसले. मग आजींनी काय विचारले होते, हे आम्ही सांगितले. ते बराच वेळ बोटांत ते बोळे दाबीत बसले आणि म्हणाले, "त्या किती वर्षं होत्या मागावर?" त्या रात्रपाळीस जाताना त्यांनी एक जोड खिशात टाकला, बाकीचे शेजारच्या मागांवरच्या माणसांसाठी नेले. काहींनी ते घातले, काहींनी 'मागाचा आवाज ऐकू आला नाही तर धागा तुटलेला कसा कळणार' म्हणून परत केले. घरात मात्र मोठ्याने बोलण्यावरून होणारी थट्टा थांबली आहे. आम्ही आता त्यांच्या समोर बसून, हळू आणि स्पष्ट बोलतो.

असो. खरी कसोटी पुढेच आहे. त्या घरच्या मुलीचे पत्र आले. तिला सुरतेस, आमच्याच घरी येऊन राहावयाचे आहे. अदलाबदल या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आहे, हे जाताना आमच्या ध्यानात आले नव्हते. पत्र वाचून आम्हांस आनंद झाला आणि भीतीही वाटली. खोल्या दोन, माणसे सहा. चाळीतले सामाईक संडास. पाणी येते ते ठरलेल्या वेळी. शेजारच्या गाळ्यांतील मागांचा आवाज रात्रीही थांबत नाही. कोणी म्हणाले, एखाद्या मोठ्या सदनिकेत राहणाऱ्या ओळखीच्यांकडे तिची व्यवस्था करावी. त्या सूचनेत चूक काही नव्हते; पण मग ती सुरत पाहील, आमच्या घरी राहणार नाही. आम्ही त्यांच्या घरी काय पाहिले होते? शंभर चौरस फुटांची खोली, घडी घातलेल्या गाद्या, एकाच टाकीतले पाणी आणि कामांचा तक्ता. यापैकी कोणती गोष्ट आमच्याकडे नाही?

आईला आम्ही भीत भीत विचारले, "आई, तू काय म्हणतेस?" ती भाकरी थापीत होती. वर न पाहताच ती अहिराणीत म्हणाली, "येऊ दे तिले. गोधडी शे, भाकर शे."

ज्या पालकांच्या मनात 'आमचे घर लहान, आम्ही परदेशी मुलास कसे ठेवणार' असा प्रश्न येईल, त्यांच्यासाठी आम्ही याहून अधिक काही लिहू शकत नाही. मुलीच्या खाण्यापिण्याच्या सवयी, औषधे, ती कोणत्या गोष्टींना भिते, हे आधी विचारून घ्यावे. पिण्याचे पाणी उकळून द्यावे. तिच्या घरी रोज संध्याकाळी दोन शब्द कळवावे. बाकी तयारी म्हणजे एक तक्ता. तो आम्ही केला आहे. तिने श्रावणात यावयाचे आहे. सकाळी पाणी आले की एक हंडा तिने भरावयाचा, तुळशीला पाणी घालावयाचे आणि संध्याकाळी आईजवळ भाकरीस बसावयाचे. आमच्या मोरीपुढेही रोज रांग लागते. पहिले तीन दिवस तिला पहिला क्रमांक; चौथ्या दिवसापासून धाकट्या भावाच्या मागे.